आजोबांचा फोन, रील्स आणि आपली मुलं : नाशिककर पालकांनो, तुमच्या घरी कसं चाललंय?

इंदिरानगरची_आई | शनिवार, रात्री ११:०५

गेल्या रविवारची गोष्ट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं सायकली फिरवत होती. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा उतारावरून जोरात आला आणि घसरून पडला. मी गॅलरीतून बघत होते. गुडघा चांगलाच फुटला होता. माझा मुलगा (पाचवीत आहे) दोन पावलांवर उभा, हातात आजोबांचा फोन. तो धावला नाही. म्हणाला, "थांब, उठू नको. नीट नाही आलं. परत पडून दाखव ना."

मी जिना उतरून खाली पोचले तर तो पडलेला मुलगा खरंच लंगडत सायकल घेऊन उताराकडे निघाला होता. परत पडायला.

आठवडा झाला, ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. माझा मुलगा दुष्ट नाही हो. गॅलरीत कबुतराचं पिल्लू मेलं तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. मग हे कुठून आलं? रात्री सासऱ्यांचा फोन उघडून बघितला. एकामागून एक फजितीचे व्हिडिओ. कुणी घसरतंय, कुणाच्या आजीला दचकवलंय, कुत्र्याच्या शेपटीला काहीतरी बांधलंय, आणि मागे हसण्याचा आवाज. अश्लील काही नाही, शिव्या नाहीत, म्हणून आम्ही सगळे निश्चिंत होतो.

धाकटी चार वर्षांची. तिला फोन समोर धरल्याशिवाय घास उतरत नाही.

फोन काढून घ्या, हा सल्ला कृपया नको. दिवाळीच्या सुट्टीत नऊ दिवस काढून घेतला होता. तो शेजारच्या बिल्डिंगमध्ये मित्राकडे जाऊन बघायला लागला, आणि आम्हाला सांगायचा की क्रिकेट खेळत होतो. म्हणजे फोनबरोबर खोटं बोलणंही आलं. तुम्ही काय करता? मनापासून विचारतेय.

सातपूर_शिफ्ट | शनिवार, रात्री ११:४०

ताई, नुकताच सेकंड शिफ्टवरून घरी आलो आणि तुमचं वाचलं. माझं सांगतो. आठवडा रात्रपाळी असली की मी सकाळी साडेसातला घरी येतो आणि दुपारपर्यंत झोपतो. बायको कंपनीत पॅकिंगला जाते. दोन खोल्यांचं घर. सुट्टीच्या दिवशी मुलगा घरी असला की त्याला गप्प ठेवायला फोन देतो, नाहीतर मला झोप मिळत नाही, आणि झोप नाही झाली तर मशीनमध्ये हात जाईल.

मागच्या वर्षी त्याने एका गेममध्ये ३८०० रुपये घातले. डायमंड, बंदुकीचं कव्हर, असलं काहीतरी. माझा यूपीआय पिन त्याने खांद्यावरून बघून पाठ केला होता. मी हात उचलला. ते आठवलं की अजून वाईट वाटतं. नंतर शांतपणे विचारलं तेव्हा म्हणाला, "पप्पा, साधे कपडे घातले तर मला कुणी टीममध्ये घेत नाही." गेममधले कपडे म्हणत होता.

बालरोग_काका | रविवार, सकाळी ७:२०

नाशिकरोडला बरीच वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. धाकटीबद्दल आधी लिहितो, कारण ते लवकर सुधारतं.

इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सची मर्यादा अशी आहे : दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको, फक्त आजी-आजोबांशी वगैरे व्हिडिओ कॉल चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी बसून. पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी एक तासाचीच मर्यादा सांगितली.

जेवताना फोन लावला की मूल खात नाही, आपण भरवतो. पोट भरलं की नाही याकडे त्याचं लक्षच नसतं. त्यामुळे कुणी गरजेपेक्षा जास्त खातं, कुणी घास तोंडात धरून बसतं. उपाय सोपा आहे, पण पहिले चार-पाच दिवस आईबापांची परीक्षा असते. ताट छोटं, घास तिच्या हातात, घरातलं कुणीतरी तिच्याबरोबर जेवायला बसलेलं, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ताट शांतपणे उचलायचं. रागवायचं नाही आणि मागे धावायचंही नाही. एक वेळ कमी खाल्लं तर निरोगी मुलाचं काही बिघडत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक आया तिसऱ्या दिवशी माघार घेतात, कारण त्या दिवशी सासरची किंवा माहेरची मंडळी म्हणतात, "पोरीला उपाशी मारतेस का?" तेव्हा घरच्यांना आधी विश्वासात घ्या.

एक गैरसमजही दूर करतो. मोबाइलमुळे मूल ऑटिस्टिक होतं, असं लोक आईला घाबरवायला सांगतात. तसं सिद्ध झालेलं नाही. मात्र मूल बोलायला शिकतं ते समोरचं माणूस उत्तर देतं म्हणून. स्क्रीन बोलते, पण उत्तर देत नाही. मूल उशिरा बोलत असेल तर फोनला दोष देत वर्ष घालवू नका. कान तपासा, वाढीची तपासणी करून घ्या.

आणि झोप. निजायच्या आधी तासभर स्क्रीन बंद. मोठ्या मुलासाठी मी मिनिटांपेक्षा याकडे बघेन : झोप पुरी होते का, मैदानावर जातो का, जेवताना बोलतो का.

कोड_आणि_कॉफी | रविवार, सकाळी १०:१५

ताई, आजोबांचा फोन कोणाच्या खात्यावर चालतो? आजोबांच्याच ना? म्हणजे यूट्यूबच्या दृष्टीने ते व्हिडिओ बघणारा सत्तरीचा गृहस्थ आहे. लहान मुलांसाठीची कुठलीही गाळणी तिथे लागणार नाही.

आणि हे का वाढत जातं ते समजून घ्या. यंत्राला चांगलं-वाईट कळत नाही. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला का, परत पाहिला का, की लगेच पुढे सरकवला, एवढंच कळतं. पडणारा माणूस मूल शेवटपर्यंत बघतं, कारण पुढे काय होईल ही उत्सुकता कुणालाही असते. म्हणून तसाच दुसरा येतो, मग जरा जास्त जोरात पडणारा येतो. तुमच्या मुलाने ते शोधलेलंही नसेल. त्याच्यापुढे ते वाढून ठेवलं गेलं.

आज दहा मिनिटं काढून एवढं करा. आजोबांच्या यूट्यूबची वॉच हिस्ट्री (काय काय पाहिलं त्याची यादी) पुसा आणि पुढची नोंद बंद करा. होम पानावरच्या शिफारशी जातात, मग जे हवं ते शोधूनच बघावं लागतं. ऑटोप्ले बंद करा. रिस्ट्रिक्टेड मोड लावा, पण त्याच्यावर विसंबू नका, फजितीचे व्हिडिओ त्यातूनही येतात. मुलासाठी खऱ्या जन्मतारखेचं वेगळं गूगल खातं काढा आणि फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या अ‍ॅपने तुमच्या फोनला जोडा. रोजची वेळ, रात्रीची बंद वेळ आणि नवीन अ‍ॅपची परवानगी तुमच्या हातात राहते. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये स्क्रीन टाइम आहे.

ओटीटीवर मुलांची वेगळी प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांपासून मालिका-चित्रपटांवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे शिक्के येतात, आणि १३+ आणि त्यापुढच्याला कुलूप लावायची सोय देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. बऱ्याच घरांत ते कुलूप कधी लावलेलंच नसतं.

सातपूर दादा, प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती चालू करा. यूपीआयचं खातं शक्यतो मुलाच्या हातात जाणाऱ्या फोनवर ठेवूच नका.

पंचवटीची_आजी | रविवार, दुपारी १:३०

सगळ्यांचं वाचलं. आता आजी-आजोबांच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते.

मुलगा-सून दोघं नोकरीला. नातू चारला शाळेतून येतो. माझे गुडघे चालत नाहीत. खाली सोडावं तर गल्लीतून गाड्या सुसाट जातात. मग साडेसात वाजेपर्यंत त्याचं काय करायचं? सून चांगली आहे, पण रोज एवढंच म्हणते, "आई, त्याला फोन देऊ नका." काय द्यायचं ते सांगत नाही. मला फोनमधलं कुणी नीट शिकवलंही नाही. एका बटणाने काय उघडतं आणि काय बंद होतं, हे मला नातवाकडूनच कळतं. मग मी त्याच्यावर लक्ष कसं ठेवणार?

म्हणून मी माझ्यापुरता तोडगा काढला. वर्तमानपत्रातला एक रकाना तो मला मोठ्याने वाचून दाखवतो. मला चष्म्यानेही नीट दिसत नाही, त्यामुळे ते नाटक नसून माझी खरीच गरज आहे, आणि मुलाला हा फरक बरोबर समजतो. वाचून झालं की अर्धा तास फोन, तो माझ्या शेजारी बसून, आवाज मोठा ठेवून. कानात बोंडं घालायची नाहीत. काय चाललंय ते ऐकू आलं की मी विचारते, "हे काय होतं? याच्यात हसण्यासारखं काय?" कधी तो समजावून सांगतो, कधी त्यालाही सांगता येत नाही. शनिवारी मुलगा आम्हा दोघांना सार्वजनिक वाचनालयात घेऊन जातो. १८४० पासूनचं वाचनालय आहे आपलं.

इंदिरानगरची_आई | रविवार, दुपारी ३:१०

आजी, "काय द्यायचं ते सांगत नाही" हे वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. मीही सासऱ्यांना फक्त "देऊ नका" एवढंच म्हणत आलेय. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसते.

ठाम_मत | रविवार, सायंकाळी ६:००

मला वेगळं वाटतं, राग मानू नका. सेटिंग्ज, प्रोफाइल, शेजारी बसणं, हे सगळं करायला वेळ कुणाकडे आहे? माझा मुलगा सहावीत आहे, त्याच्याकडे बटणांचा साधा फोन आहे आणि आमचे फोन त्याला मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाती बंद केली ना? आपल्याकडे सरकारने तेच करावं. कंपन्यांची हजारो हुशार डोकी एका बाजूला आणि दमलेली एक आई दुसऱ्या बाजूला, ही लढत बरोबरीची नाहीच.

कोड_आणि_कॉफी | रविवार, सायंकाळी ६:४५

शेवटचं वाक्य अगदी पटलं. ऑस्ट्रेलियात तो कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यात दंड कंपनीला आहे, मुलाला किंवा पालकाला नाही. तेच मला त्यातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत, असं आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण या तरतुदी लागू व्हायला कंपन्यांना मुदत दिलेली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली. सातपूर दादांच्या मुलाने घेतलेले डायमंड मात्र त्यात येत नाहीत, कारण ती खेळातली खरेदी आहे.

साध्या फोनचा निर्णय चांगलाच आहे. फक्त तो तुमच्या घरात टिकला म्हणून सगळीकडे टिकेल असं नाही. ताईंच्या मुलासारखं मूल शेजारच्या बिल्डिंगमध्ये जातं.

झेडपीची_बाई | रविवार, रात्री ९:२५

दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, चौथीचा वर्ग. मी वर्गात करते ते लिहिते, घरीही सहज जमेल.

महिन्यातून एकदा आम्ही जाहिरात उघडून बघतो. म्हणजे एक जाहिरात आधी आवाज बंद करून बघायची. मग डोळे मिटून फक्त आवाज ऐकायचा. मग मुलांना विचारायचं : कुणाला विकतायत? काय विकतायत? जे दाखवलं त्यातलं पाकिटात खरंच काय आहे? मागच्या वेळी मी दहा रुपयांचं वेफर्सचं पाकीट नेलं. फोडायच्या आधी मुलांनी अंदाज केला, वाटीभर तरी निघतील. फोडून मोजले. मग त्याच दहा रुपयांचे शेंगदाणे मोजले. पुढे मला काही बोलावंच लागलं नाही. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायला मुलं आता आपापसात भांडतात.

सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला जाहिरातीमागचा हेतू कळत नाही, म्हणजे समोरच्याला आपल्याला काहीतरी विकायचंय हे त्याच्या ध्यानातच येत नाही. त्यामुळे त्याला हट्टी म्हणण्यात अर्थ नसतो. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात मुलांच्या कार्यक्रमांमध्ये आणि मुलांच्या वाहिन्यांवर जंक फूडच्या जाहिराती नकोत असं म्हटलं आहे. पण रीलमधला दादा हसत हसत पाकीट फोडतो, ती जाहिरात आहे हे मोठ्यांनाही उमगत नाही. पैसे घेऊन केलेल्या जाहिरातीवर तसं स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे. आमची चौथीची मुलं आता तो शब्द शोधतात.

एक कडवट गोष्टही लिहिते, कारण आपण सगळे फक्त मुलांबद्दल बोलतोय. १ जुलै २०१८ ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावाने पाच माणसं ठेचून मारली. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशा अफवा तेव्हा फोनवर फिरत होत्या. त्या पुढे पाठवणारे सगळे मोठेच होते, आणि बरेचसे आईबाप असतील, मुलांच्या काळजीने पाठवणारे. त्यानंतर मी वर्गाच्या पालक ग्रुपवर एक नियम केला : कुठून आलं, कधीचं आहे, कुणी पाहिलं, या तिन्हींचं उत्तर देता येत नसेल तर पुढे पाठवायचं नाही. आता मुलंच घरी आईवडिलांना हे तीन प्रश्न विचारतात.

द्राक्षबाग_निफाड | सोमवार, पहाटे ५:१५

आमच्याकडे सध्या खुडा चालू आहे, त्यामुळे थोडक्यात लिहिते. आम्ही दोघं बागेत, मुलं घरी, फोन त्यांच्याकडे. नाही म्हणायला जागाच नाही. पण एक चांगलं सांगते. थोरल्याने पक्ष्यांचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि एक दिवस म्हणाला, आई, हे आपल्या नांदूरमध्यमेश्वरला पण आहेत. त्याच्या मामाने त्याला मोटारसायकलवर नेलं. अभयारण्य आमच्यापासून जवळ, २०२० मध्ये त्याला रामसरचा (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांचा) दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं पहिलं, आणि आम्ही कधी गेलो नव्हतो! वारकरी पक्षी आणि जांभळी पाणकोंबडी त्याने लांबूनच ओळखली. आता वहीत नोंदी करतो. फोनवर बघितलेलं प्रत्यक्ष दाखवायला कुणी मिळालं तर मुलं फोन खाली ठेवतात, एवढं मी पाहिलंय. चला, मजूर आले.

एकोणीस | सोमवार, दुपारी २:२०

मी पालक नाही. कॉलेज रोडला शिकते, वय माझ्या इथल्या टोपणनावातच आहे. पण तुम्ही सगळे आईबाप आहात म्हणून लिहायची हिंमत करते.

मी बारा वर्षांची असताना जन्मसाल खोटं टाकून खातं उघडलं. नियम तेरा वर्षांचा आहे, पण विचारतं कोण? खोट्या वयामुळे मी तिथे मोठी बाई म्हणून वावरत होते, हे मला कळत नव्हतं. आधी फिल्टरचं झालं. फिल्टरमधला माझा चेहरा मला इतका आवडायला लागला की आरशातला आवडेना. शाळेच्या गॅदरिंगचा फोटो मी फाडून टाकला होता.

मग नववीत असताना एका अनोळखी खात्याने माझा साधा फोटो घेऊन त्याचं काहीतरी भलतंच केलं आणि मला पाठवलं. म्हणाला, सांगितलंस तर सगळ्यांना पाठवीन. मी चाळीस दिवस कुणाला सांगितलं नाही. कारण तुम्हाला वाटेल की लाजेने. तसं नव्हतं. घरी नेहमीचं वाक्य होतं, "काही उलटसुलट दिसलं ना, तर फोन कायमचा बंद." मला त्या माणसापेक्षा त्या वाक्याची भीती जास्त होती. मैत्रिणी, क्लासचा ग्रुप, सगळं त्या फोनमध्ये होतं.

शेवटी मावशीला सांगितलं. तिने एकच केलं, आधी मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुझी चूक नाही, आणि तुझा फोन कुणी घेणार नाही." मग सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, खात्याचं नाव-लिंक लिहून ठेवली, काहीही डिलीट करू दिलं नाही, आणि आईबाबांना घेऊन सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या मॅडम नीट बोलल्या. पुढे ते थांबलं.

पालकांनो, हे लिहून ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारीसाठी वेगळा भाग आहे. सायबर हेल्पलाइन १९३०, पैसे गेले असतील तर तिथे ताबडतोब फोन करायचा. मुलांसाठी १०९८. अठरा वर्षांखाली असताना काढलेले फोटो पसरू नयेत म्हणून 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. त्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढे जातो.

आणि घरातलं ते वाक्य बदला.

ठाम_मत | सोमवार, दुपारी ३:०५

बाळा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. ते वाक्य आमच्या घरात रोज असतं. आज संध्याकाळी मुलाला सांगणार आहे की काहीही झालं तरी आधी माझ्याकडे ये, शिक्षा नाही. साधा फोन तसाच राहील, पण हे सांगायचं राहून गेलं होतं.

सातपूर_शिफ्ट | सोमवार, रात्री ११:५५

पोरी, खूप मोठं काम केलंस हे लिहून. माझ्या मुलाने पैशांचं लपवलं ते पण मारच्या भीतीनेच.

मला एक सुचतंय. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास अख्ख्या गावात टीव्ही-मोबाइल बंद. मुलं अभ्यास करतात, मोठेही फोन ठेवतात. आमच्या लाइनीत एकट्या माझ्या पोराला बंद केलं तर तो चिडतो, कारण बाकीची पोरं ऑनलाइन असतात आणि तो एकटाच बाहेर. सगळ्यांचंच बंद असेल तर एकटं पडायचा प्रश्नच नाही. गावाला जमलं, तर एका बिल्डिंगला का नाही?

इंदिरानगरची_आई | मंगळवार, सकाळी ९:३०

दादा, हेच! दिवाळीत आमचं फसलं ते इथेच. आम्ही एकट्याने केलं होतं. आज सोसायटीच्या ग्रुपवर टाकते.

त्र्यंबकचा_वाटाड्या | मंगळवार, रात्री १०:१०

उशिरा आलो. मुलाच्या हातात कॅमेरा आहे आणि त्याला शूट करायला आवडतं, हे मला यातलं चांगलं वाटतं. त्याला फक्त पडणारी माणसं सोडून दुसरा विषय मिळालेला नाही.

आमच्या त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपट काढायच्या आधी काय केलं माहीत आहे? कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. पडद्यावर रोप बघता बघता उगवतं, हे दाखवलं तेव्हा भांडवल द्यायला माणूस तयार झाला. घरच्या मंडळींनीही त्या धडपडीत साथ दिली. मुलाला एका रविवारी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकाच्या जागी न्या आणि ही गोष्ट सांगा. मग वाटाणा द्या, कुंडी द्या. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून एक फोटो. बास. आजोबांचाच फोन वापरा, म्हणजे आजोबांकडेही द्यायला काहीतरी राहील.

इंदिरानगरची_आई | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ५:४०

सगळ्यांचे आभार मानायला आणि हिशेब द्यायला आले.

आमच्या सोसायटीत सोळा फ्लॅट. मेसेजला चार घरांनी होकार दिला, दोघांनी अंगठा दाखवला पण आले नाहीत, बाकीचे गप्प. चार तर चार. साडेसात ते नऊ फोन टोपलीत, मोठ्यांचेही. पहिल्या आठवड्यात तीन दिवस नियम मोडला. दोनदा आमच्या ह्यांच्या ऑफिसच्या कॉलमुळे, एकदा माझ्यामुळे, बहिणीचा फोन आला आणि मी तासभर बोलत बसले. मुलाने तिन्ही वेळा टोपलीकडे बोट दाखवलं. आता ऑफिसचा कॉल असेल तर उठून बेडरूममध्ये जायचं ठरलंय. दुसऱ्या मजल्यावरचं घर, म्हणजे पडलेल्या मुलाचं, त्या चारांत आहे.

धाकटीचं जेवण : डॉक्टर म्हणाले तसा तिसरा दिवस सर्वात वाईट गेला. रडून झोपली. पण सासूबाईंना आधी सांगून ठेवलं होतं, त्या ठाम राहिल्या, मीच डगमगत होते. आता ती स्वतः खाते. अर्धं जमिनीवर सांडतं. सकाळच्या दुधाला अजून फोन मागते, ते सुटलेलं नाही.

सासऱ्यांजवळ बसले तेव्हा कळलं की त्यांना ते व्हिडिओ अजिबात आवडत नव्हते. नातू हसतो म्हणून ते बघत बसायचे. हिस्ट्री पुसली, ऑटोप्ले बंद केला, आणि त्यांना स्वतःला ते करायला शिकवलं.

मुलाशी त्या दिवसाबद्दल बोललेय. मी आणि त्याने मिळून तो व्हिडिओ परत पाहिला, आवाज बंद करून, बाईंनी सांगितलं तसा. तो म्हणाला, "आई, तो रडतोय." तेव्हा दिसलं नव्हतं का, असं मी विचारलं. म्हणाला, "तेव्हा मी स्क्रीनमध्ये बघत होतो." मग त्याने तो व्हिडिओ काढून टाकला आणि खाली जाऊन त्या मुलाशी काहीतरी बोलून आला. काय बोलला ते मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी आजोबा माझ्या मुलाला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला घेऊन भांडी बाजारात गेले. तांब्याच्या हंड्यावर ठोके घालणारे कारागीर मुलांना शूट करायचे होते. आजोबांची अट : आधी विचारायचं. पहिल्या कारागिराने नको म्हटलं. दुसऱ्यानेही. तिसरे काका हो म्हणाले आणि वर दोघांना एकेक ठोका घालू दिला.

आणि वाटाणा. तो आमच्या गॅलरीत आहे, खाली स्टुलावर खडूने फोनची जागा आखलेली. रोज संध्याकाळी साडेपाचला फोटो. आज अकरावा दिवस. आठव्या आणि नवव्या दिवसाचा राहिला, आम्ही सिन्नरला लग्नाला गेलो होतो. त्यामुळे सातव्यानंतर रोप एकदम बोटभर उडी मारतं. मी म्हटलं, नवीन पेरू या का? तर दुसऱ्या मजल्यावरचा म्हणाला, "नको काकू, तिथे आपण लिहू, लग्नाला गेलो होतो."